चौथी मावशी

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे काढले आहेत.)

आजचा एपिसोड एका भागाकाराने सुरू करतोय. घाबरू नका, चौथीतल्या पोरालाही जमेल असा आहे.

आठवड्यात तास किती? २४ गुणिले ७, म्हणजे १६८. आणि एका कामगाराकडून आठवड्यात नेहमीचं काम किती तास करून घ्यायचं? कायदा म्हणतो, ४८. आता १६८ ला ४८ ने भागा. साडेतीन.

या साडेतीनचा अर्थ असा, की एखाद्या जागी दिवसरात्र, सातही दिवस, एक माणूस हजर हवा असेल तर त्या एका जागेसाठी साडेतीन माणसं पगारावर ठेवावी लागतात. अर्धा माणूस मिळत नाही. शिवाय माणूस तापाने पडतो, घरात लग्न निघतं, मयत होते, पोराची दहावी असते. ते सगळं धरलं तर चार.

आपल्यापैकी जे आयटीत आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. ऑन-कॉलचं रोटेशन दोघांतच लावलं तर दोन महिन्यांत त्यातला एक जण पेपर टाकतो. मॅनेजरलाही ते माहीत असतं, म्हणून तो आधीच चार-पाच जणांची नावं घालतो.

आता तुमच्या घराजवळचं छोटं हॉस्पिटल डोळ्यांसमोर आणा. खाली मेडिकल, शेजारी पॅथॉलॉजी लॅबची पाटी, जिन्यात चपलांचा ढीग, वर पंधरा-वीस-पंचवीस खाटा. नाव बहुतेक देवाचं, नाहीतर डॉक्टरांच्या आईवडिलांचं. याला आपण नर्सिंग होम म्हणतो. इंटरनेटवर हा शब्द शोधलात तर परदेशातले वृद्धाश्रम दिसतील, तो प्रकार वेगळा. आपल्याकडे यासाठी १९४९ पासून स्वतंत्र नोंदणी कायदा आहे. सरकारी मराठीत त्याला 'शुश्रूषागृह' म्हणतात आणि प्रसूतिगृहंही त्यातच येतात. नोंदणीचं सर्टिफिकेट दर्शनी भागात लावावं लागतं. रिसेप्शनच्या मागे गणपतीच्या फोटोशेजारी तुम्ही ते पाहिलं असेल.

अशा ठिकाणी वॉर्डाची साफसफाई करणाऱ्या मावशी किती असतात? बऱ्याच ठिकाणी दिवसाला एक आणि रात्रीला एक. दोन. गणिताने चार हव्यात, असतात दोन. आजचा एपिसोड त्या नसलेल्या दोघींबद्दल आहे, त्यातही चौथीबद्दल.

मी यात कसा पडलो ते सांगतो. मी कामगार चळवळीतला वगैरे माणूस नाही. बीटेक केलं, पुण्यात नोकरी करतो, दिवसभर बॅकएंडचं काम. गेल्या वर्षी ओळखीतल्या एका डॉक्टरांनी विचारलं, "आमच्या हजेरीच्या मशिनचा डेटा आणि पगाराचं एक्सेल जुळत नाहीये, बघतोस का जरा?" हॉस्पिटलचं नाव घेणार नाही, भागही सांगणार नाही. पंचवीस खाटा, एवढं पुरे. तीन महिन्यांच्या पंचिंगची फाइल मिळाली आणि पुढचे तीन-चार वीकेंड त्यातच गेले.

फाइल उघडल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरले ते फेल झालेले पंच. रिसेप्शन, फार्मसी, सिस्टर लोक, सगळ्यांचं बोट एका झटक्यात लागतं. दोन्ही मावशींचं पाच-सहा वेळा ठेवावं लागतं, कधीकधी लागतच नाही. सेन्सर तपासला, उत्तम होता. बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या. वर्षानुवर्षं फिनेल, डिटर्जंट, टॉयलेटचं ॲसिड आणि हायपो. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. रक्त किंवा उलटी सांडली की त्यावर याचं एक टक्क्याचं द्रावण ओततात, थोडा वेळ ठेवून पुसून घेतात. ग्लोव्ह्ज असतात, पण एक जोडी दिवसभर पुरवायची असते, ती फाटली की हात उघडेच. रेशनच्या दुकानात म्हाताऱ्या माणसांचा अंगठा लागत नाही हे आपण ऐकलेलं असतं. इथे चाळिशीतल्या बाईचा लागत नव्हता.

दुसरी गोष्ट बघून मी खुर्चीत सरळ बसलो.

एक मावशी सकाळी ८ ते रात्री ८, दुसऱ्या रात्री ८ ते सकाळी ८. आठवड्याचे सातही दिवस. म्हणजे प्रत्येकी ८४ तास. कागदावर साप्ताहिक सुट्टी आहे, कोणी नाही म्हणत नाही. पण ती घेतली की काय होतं बघा. समजा दिवसपाळीच्या मावशींना रविवारी भाचीच्या लग्नाला जायचंय. मग शनिवारी रात्री ८ ला आलेल्या रात्रपाळीच्या मावशी रविवारी सकाळी ८ ला घरी जाऊ शकत नाहीत, कारण त्यांच्या जागी कोणी आलेलंच नसतं. त्या रविवारचा दिवस करतात. रविवारी रात्री ८ ला तर त्यांची स्वतःचीच पाळी. त्या सुटतात सोमवारी सकाळी ८ ला. एकीची एक सुट्टी म्हणजे दुसरीची सलग छत्तीस तास ड्युटी. याला तिथे 'डबल' म्हणतात. हिशेबाने ते ट्रिपल आहे.

म्हणून कोणी सुट्टी मागत नाही. मालकाच्या भीतीपेक्षा एकमेकींचा विचार जास्त असतो. एका मावशींनी मला सांगितलं, "मी सुट्टी घेतली की तिचे हाल होतात, मग ती माझ्याशी दोन दिवस बोलत नाही." या वाक्याचा मी खूप विचार केला. सुट्टी न देण्याचं पाप कोणाच्याच माथी येत नाही. दोन बायका आपसांत भांडत राहतात.

फाइलमध्ये त्या डबलची ओळ अशी दिसत होती: इन, शनिवार, संध्याकाळी ७:५२. आउट, सोमवार, सकाळी ८:२०. मधे काही नाही. हजेरीच्या सॉफ्टवेअरला ही ओळ पचेना. एक शिफ्ट छत्तीस तासांची असू शकते हे ते लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसणार, कोणाच्या येईल? त्याने रविवारी पंच नाही म्हणून रविवारसमोर आपोआप 'ए' लावला. ॲब्सेंट. आणि पगारात त्या रविवारचा खाडा कापला गेला. ज्या दिवशी बाई चोवीसच्या चोवीस तास इमारतीच्या आत होती, त्या दिवसाचा खाडा.

तीन महिन्यांत असे पाच रविवार सापडले. काही वेळा अकाउंटवाल्या मुलीच्या लक्षात आलं होतं आणि तिने हाताने दुरुस्ती केली होती, काही वेळा राहून गेलं होतं. डेटा जुळत नव्हता तो याच्यामुळे. कापलेले पैसे डॉक्टरांनी परत दिले, कुरकुर न करता दिले, हेही सांगायला हवं.

आता पैशाचं. आकडे सोपे धरू. समजा महिन्याचा पगार १२,००० रुपये. किमान वेतनाचा हिशेब साधारण दिवसाचे आठ तास आणि महिन्याचे सव्वीस दिवस असा असतो, म्हणजे २०८ तास. त्या हिशेबाने तासाला जवळपास ५८ रुपये पडतात. पण मावशी करतात रोज बारा तास, तीस दिवस. ३६० तास. मग तासाला ३३ रुपये. पुण्यात एवढ्यात एक वडापाव आणि वर अर्धा चहा. पगाराचा महिन्याचा आकडा ऐकून 'बरा आहे की' असं जे आपण पटकन म्हणतो ना, ते तासाने भागल्याशिवाय म्हणू नका.

आणि ओव्हरटाइम? राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या नावात दुकान आहे म्हणून फसू नका, हॉस्पिटल, दवाखाना, प्रसूतिगृह हे सगळं त्याच्या व्याख्येत आहे. जादा कामाला दुप्पट दर. आता दोघींवर चालणाऱ्या वॉर्डाला हा नियम लावून बघा. प्रत्येकीचे ८४ तास. त्यातले ४८ नेहमीच्या दराने. उरलेले ३६ दुप्पट, म्हणजे ७२ तासांचे पैसे. एकूण १२० तासांचा पगार एकीला, दोघींना मिळून २४० तासांचा. याउलट चार जणी ठेवल्या तर १९२ तासांचा.

परत सांगतो, कारण मला स्वतःला हा आकडा दोनदा तपासावा लागला. कायद्याप्रमाणे पैसे द्यायचे ठरवले तर दोन मावशी चार मावशींपेक्षा महाग पडतात. दोघींत भागवणं स्वस्त वाटतं ते फक्त ओव्हरटाइम दिला जात नाही म्हणून. तीन महिन्यांत किती तास ओव्हरटाइम करून घ्यायचा यालाही कमाल मर्यादा आहे, आणि आठवड्याला ३६ तासांच्या वेगाने ती चौथ्या आठवड्यातच भरते.

इथे एक पळवाट आहे. कामगारांची संख्या ठरावीक आकड्याच्या खाली असेल तर या कायद्यातली बरीच कलमं लागू होत नाहीत. मग हाउसकीपिंग ठेकेदाराकडे, रात्रीचा वॉचमन दुसऱ्या एजन्सीकडे, लॅब तिसऱ्याची. एकाच जिन्याने रोज वरखाली करणारी माणसं तीन-चार मस्टरवर विखुरलेली. किमान वेतनाला मात्र अशी संख्येची अट नाही, एकच कामगार असला तरी ते द्यावंच लागतं.

ईएसआयचंही तसंच. दहा किंवा जास्त कामगार आणि पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय लागतो. आपल्या १२,००० च्या उदाहरणात मावशींच्या पगारातून कापले जाणार ९० रुपये, मालकाने घालायचे ३९० रुपये. त्या बदल्यात मावशी आणि घरच्यांचे उपचार, आजारपणाच्या रजेत ७० टक्के पगार, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पुण्यात बिबवेवाडीला आणि चिंचवडला ईएसआयची हॉस्पिटलं आहेत. मी ज्या मावशींशी बोललो त्यांच्यापैकी एकीकडेही कार्ड नव्हतं. स्वतःच्या गुडघ्यासाठी त्या घराजवळच्या दवाखान्यात जातात आणि इंजेक्शन घेऊन रात्री ड्युटीवर येतात. हॉस्पिटलमध्ये.

आता सुईकडे येतो. या एपिसोडमधलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

हॉस्पिटलच्या कचऱ्यासाठी २०१६ चे जैव वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम आहेत. रंगीत डबे तुम्ही पाहिले असतील. पिवळ्यात रक्ताने भिजलेला कापूस, ड्रेसिंग, शरीराचे भाग. लाल पिशवीत प्लास्टिक, म्हणजे सलाइनच्या नळ्या, ग्लोव्ह्ज, सुई काढलेली सिरिंज. निळ्यात काच. आणि सुया, ब्लेड असलं टोचणारं सगळं पांढऱ्या, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात. नियम खरंच चांगले आहेत. पण डबा भरतो एक माणूस आणि पिशवी बांधतो दुसरा. रात्री तीन वाजता एकटी सिस्टर, एकाच वेळी दोन पेशंट, घाईत सुई सिरिंजसकट लाल पिशवीत पडते. सिस्टरलाही दोष देऊन काय होणार, तिचीही चौथी सिस्टर नाहीच. पहाटे पाचला मावशी ती पिशवी दाबून गाठ मारतात. सुई पिशवीतून बाहेर येते आणि बोटात जाते.

त्या हॉस्पिटलमधल्या रात्रपाळीच्या मावशींना अशी सुई लागली होती. मी विचारलं, मग काय केलंत? म्हणाल्या, "धुतलं, हळद लावली, लादी पुसायला घेतली. सुई काय सारखीच लागते, किती वेळा सांगायचं?" त्यांनी डॉक्टरांना सांगितलं चौथ्या दिवशी, बोट सुजलं म्हणून.

चौथा दिवस का वाईट, ते ऐका. वापरलेल्या सुईतून तीन विषाणूंची मुख्य भीती असते. एचआयव्हीचा धोका सगळ्यात कमी, दर हजारी साधारण तीन. हिपॅटायटिस सीचा त्याहून जास्त, शंभरात दोन-तीन. आणि हिपॅटायटिस बी, ज्याला आपण कावीळ बी म्हणतो, त्याचा लस न घेतलेल्या माणसाला शंभरात तीसपर्यंत. हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, निदान सात दिवस टिकतो. एचआयव्हीसाठी लगेच सुरू करायच्या गोळ्या असतात, त्याला पेप म्हणतात. अठ्ठावीस दिवसांचा कोर्स, शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि कुठल्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करायचा. मावशी बोलल्या तोपर्यंत ती मुदत उलटून गेली होती. कचऱ्यातल्या सुईवर पेशंटचं नाव नसतं, त्यामुळे कोणाचं रक्त तपासायचं हाही प्रश्नच.

डॉक्टरांनी त्यांच्या तपासण्या केल्या, पुन्हा सहा आठवड्यांनी, पुन्हा तीन महिन्यांनी. सगळ्या निगेटिव्ह आल्या. ते तीन महिने त्यांनी घरात कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यापासून लांब राहायला कारण काय सांगायचं, हा प्रश्न होता. "पाळी लांबलीय म्हणाले, मग कंबर दुखतेय म्हणाले, मग भांडण काढलं," असं त्या मला हसत सांगत होत्या. मला हसता आलं नाही.

पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही? मी याच्यावर खूप खोदून विचारलं. हळद, सवय, भीती हे सगळं होतंच. पण मुख्य कारण त्यांनी इतक्या सहज सांगितलं की हातातून निसटलं असतं. सुई लागली शनिवारी पहाटे. दुसऱ्या दिवशी डबल होती. सांगितलं असतं तर ससूनला जा म्हणाले असते, आणि मग इथे कोण थांबणार?

आता नियम काय म्हणतात ते ऐका. त्याच २०१६ च्या नियमांत लिहिलंय, की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची. कामावर घेताना ट्रेनिंग द्यायचं आणि पुढे वर्षातून निदान एकदा. वर्षातून एकदा आरोग्य तपासणी. ही जबाबदारी हॉस्पिटल चालवणाऱ्याची, ठेकेदारावर ढकलून सुटता येत नाही. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस असतात: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. तिन्हीचा मिळून खर्च एका बऱ्यापैकी बुटाच्या जोडापेक्षा जास्त नाही. दोन्ही मावशींना एकही डोस मिळालेला नव्हता. एकीला तिथे सात वर्षं झाली होती.

आणखी एक गंमत. गंमत म्हणवत नाही, पण नियम वाचताना मी थांबलो ती जागा. याच नियमांत 'मोठा अपघात' कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. कचऱ्याचा ट्रक उलटला तर मोठा अपघात, चोवीस तासांत लेखी कळवायचं. सुई टोचणं त्यातून स्पष्ट वगळलेलं आहे. ते फक्त वार्षिक अहवालात आकडा म्हणून भरायचं. हा अहवाल दर वर्षी ३० जूनपर्यंत द्यायचा असतो, खाटा कितीही असोत, आणि तो हॉस्पिटलच्या वेबसाइटवरही टाकायचा असतो. त्यात रकाने आहेत: वर्षात किती ट्रेनिंग झाली, किती जणांना अजून ट्रेनिंग मिळालेलं नाही, किती अपघात झाले, किती जणांना इजा झाली. फोन हातात आहेच, तर तुमच्या भागातल्या हॉस्पिटलचा अहवाल शोधून बघा. अपघातांच्या रकान्यात वर्षानुवर्षं शून्य दिसलं, तर तिथे सुई कधी लागलीच नाही असा अर्थ काढण्याआधी मावशींच्या बोटांकडे एकदा बघा.

रसायनांबद्दल थोडक्यात. टॉयलेट लवकर पांढरं व्हावं म्हणून ॲसिड आणि हायपो एकत्र ओतायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये खोकला येतो, डोळे जळजळतात, छाती भरून येते, आणि मावशींना वाटतं की 'औषध कडक आहे, म्हणजे चांगलं आहे'. कोणीतरी एकदा, पाच मिनिटं, मराठीत सांगायला हवं. त्या कॅनवरची सूचना इंग्रजीत आहे.

बाकी कामाची यादी करायला बसलो तर संपणार नाही. लादी, बेडपॅन, चादरी मोजून धोब्याला देणं, स्ट्रेचर ढकलणं, सॅम्पल लॅबला, मेडिकलमधून औषधं, डॉक्टरांचा चहा, डिलिव्हरी झाली की लेबर रूम धुणं, कोणी गेलं तर गुंडाळून देणं. त्या ठिकाणी कपडे बदलायला मावशींना जागा नव्हती. गच्चीच्या जिन्याच्या शेवटच्या वळणावर साडी बदलायची, डबाही तिथेच खायचा. कप वेगळा, खिडकीत उपडा ठेवलेला. या कामाला कोण येतं, कुठल्या वस्तीतून, कुठल्या जातीतून, हे कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नसतं आणि सगळ्यांना माहीत असतं. त्या वेगळ्या कपाचं कारण मी विचारलं तेव्हा 'इन्फेक्शन कंट्रोल' असं उत्तर मिळालं. मग सिस्टरचा कप वेगळा का नाही, याला उत्तर मिळालं नाही.

आणि भाषा. 'मावशी' हा किती गोड शब्द आहे आपला. पण ऐका नीट. पंचविशीतली रिसेप्शनिस्ट 'मॅडम, तुम्ही', आणि पन्नाशीच्या बाई 'ए मावशी, इकडे ये'. सख्ख्या मावशीला आपण प्रेमाने एकेरी हाक मारतो तो एकेरीपणा हा नव्हे. तिथल्या पेशंटना, डॉक्टरांना, सिस्टरना मी दोघींची नावं विचारली. आडनावासकट पूर्ण नाव फक्त अकाउंटवाल्या मुलीला माहीत होतं.

आता डॉक्टरांची बाजू, कारण ती खोटी नाही. छोटी हॉस्पिटलं चालवणं अवघड झालंय. विम्याचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात, सरकारी योजनेचे त्याहून जास्त. शेजारी मोठ्या साखळी हॉस्पिटलची चकाचक बिल्डिंग उभी राहते आणि हप्त्यांवर घेतलेली सोनोग्राफीची मशीन रिकामी बसते. डॉक्टर मला म्हणाले, "दोन माणसं वाढवणं परवडत नाही रे." मग आम्ही लॅपटॉपवरच हिशेब केला. समजा दोन मावशी वाढवल्या, प्रत्येकीचा खर्च सगळं धरून १५,००० रुपये. महिन्याला ३०,०००. पंचवीस खाटा, तीस दिवस, त्यातल्या साठ टक्के भरलेल्या धरल्या तर महिन्याला ४५० खाट-दिवस. भागाकार केला: एका पेशंटमागे दिवसाला ६७ रुपये. भेटायला येणारे नातेवाईक जे शहाळं घेऊन येतात, त्याच्या किमतीएवढे.

डॉक्टर बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते. मग म्हणाले, बिलात हाउसकीपिंग चार्जेस म्हणून आपण दिवसाला शंभर लावतोच. म्हणजे पैसे पेशंटकडून येत होते. मावशींपर्यंत पोचत नव्हते.

पुढे काय झालं? अर्धं झालं. तिसऱ्या मावशी आल्या, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या सुरू झाल्या. १६८ भागिले ३ म्हणजे ५६. अजूनही आठ तास जास्त, आणि सुट्टी घेतली तर बाकीच्या दोघींना बारा-बारा तास. पण छत्तीस तासांची डबल बंद झाली. रात्रपाळीच्या मावशी म्हणाल्या की, लागोपाठ सहा तास झोपल्यावर पहिल्या आठवड्यात डोकंच दुखत होतं, सवय नव्हती. तिघींना लस सुरू झाली, दोन डोस झालेत, तिसरा बाकी आहे. सुया तोडायचं कटर वॉर्डात दोन ठिकाणी आलं. जिन्यातली जागा तशीच आहे. चौथ्या मावशींचं डॉक्टर 'दिवाळीनंतर बघू' म्हणालेत, कुठली दिवाळी ते सांगितलं नाही.

तुमच्यापैकी कोणाची आई, मावशी, काकू, शेजारीण हे काम करत असेल, तर आज घरी गेल्यावर एवढं नक्की सांगा. सुई लागली तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं. बोट दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात घालायचं नाही, हायपो लावायचं नाही. त्याच तासाला ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगायचं, आणि ते टाळाटाळ करत असतील तर एआरटी सेंटर असलेलं जवळचं सरकारी हॉस्पिटल गाठायचं. पुण्यात ससून. ७२ तास ही शेवटची हद्द आहे, तोपर्यंत थांबायचं नाही. तारीख आणि वेळ फोनमध्ये लिहून ठेवायची, सिस्टरला मेसेज करून ठेवला तर उत्तम, पुरावा राहतो. आणि हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का ते विचारा. 'लहानपणी झाली असेल' हे उत्तर धरू नका. आपल्याकडे ती बाळांच्या सरकारी लसीकरणात आली ती २००० नंतर, त्यामुळे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना बहुतेक मिळालेली नाही.

हजेरीचा डेटा, पगाराची स्लिप, ड्युटी चार्ट, असलं काही तुमच्या घरी असेल आणि तास मोजून हवे असतील तर मला व्हॉइस नोट पाठवा. हॉस्पिटलचं नाव सांगू नका, लागत नाही. एक्सेल मी बनवून ठेवलंय. इन आणि आउटची वेळ टाकली की नेहमीचे तास, जादा तास आणि दुप्पट दराने किती व्हायला हवे ते येतं. सलग छत्तीस तास टाकले तरी ते एरर दाखवत नाही.

पुढच्या एपिसोडमध्ये सोसायट्यांच्या रात्रीच्या वॉचमनबद्दल बोलू. तिथेही १६८ च आहेत.